हात खाली

४ जुलै

चि. सुतळीस,

अनेक आशीर्वाद. ते आधीच देऊन ठेवते, कारण पत्राच्या शेवटापर्यंत द्यायची इच्छा राहील की नाही, सांगता येत नाही.

काल तुझी आई आली होती. माझ्या गुडघ्याची चौकशी करायला म्हणून आली आणि तुझं कौतुक करून गेली. तिच्या सांगण्याप्रमाणे तुझ्या नर्सिंग कॉलेजात तू परीक्षा 'माणुसकीची' केली आहेस. आधी सरावाचा पेपर, तोही त्याच हॉलमध्ये, त्याच बाकांवर, म्हणजे पोरांना नवखं वाटायला नको. नापास झालं तर पुन्हा बस. पुन्हा नापास, पुन्हा बस. आणि पेपर चालू असताना हात वर करून शंका विचारायची मुभा! ताई हे सांगताना चहात बिस्कीट बुडवून बसली होती. ते विरघळून तळाला गेलं तरी तिला पत्ता नाही. तुझ्या विद्यार्थ्यांचंही तेच होणार.

मी जन्मभर गणित शिकवलं. पर्यवेक्षणाला मी असले की हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायचा. मुलं माझ्यामागे मला 'कर्फ्यू' म्हणत. त्यांना वाटायचं मला माहीत नाही. मला ते नाव आवडायचं. आमच्या कॉन्व्हेंटात परीक्षेच्या वेळी कुणाची मान वळली की सिस्टर हातातली पट्टी टेबलावर मारत. नुसती टेबलावर. तेवढं पुरायचं, आणि आम्ही कुणी त्यामुळे खचून वगैरे गेलो नाही.

तू औषध देणारी माणसं तयार करते आहेस की पाळणाघर चालवते आहेस, एवढंच विचारायचं आहे. सप्टेंबरअखेर माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया तुमच्याच इस्पितळात ठरली आहे. सुई टोचायला तुझी तिसऱ्या खेपेला पास झालेली पोरगी येणार असेल तर आधी कळव. मी लंगडत जगेन.

फोन करू नकोस. फोन जवळ नेला की कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि या वयात मला शिट्ट्या नकोत. लिही.

तुझी
मावशी


११ जुलै

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले, मग वॉर्डात राऊंडला गेले. आता शांतपणे लिहिते आहे.

आईने तुला अर्धंच सांगितलं. मी इथे आले तेव्हा औषधाच्या मापाच्या पेपरात निम्मे गुण मिळाले की विद्यार्थी पास. म्हणजे दहा रुग्णांपैकी पाचांना चुकीचा डोस देणारी मुलगी उत्तीर्ण, वर पेढा हातात. मी ती अट काढून टाकली. आता दहापैकी दहा. एक चुकलं, नुसतं दशांशचिन्ह सरकलं, तरी नापास. पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त वर्ग पडला. म्हणून तीन संधी आहेत आणि दर वेळी आकडे नवे. उंबरठा तोच ठेवून मी दार जास्त वेळ उघडं ठेवलं आहे, बस.

आता हात वर करण्याबद्दल. वॉर्डात आमचा पहिला नियम असा, की डॉक्टरांच्या सूचनेबद्दल शंका आली तर थांबायचं आणि विचारायचं. परीक्षेत तोंड शिवून बसवलेली मुलगी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारेल का? मी उत्तर सांगत नाही. कुणी हात वर केला की मी प्रश्नातली सूचना तपासते आणि 'बरोबर आहे' किंवा 'चूक आहे' एवढंच म्हणते. शिवाय बाकाशेजारी ट्रे असतो, त्यात सिरिंज आणि पाण्याच्या बाटल्या. उत्तर काढलं की तेवढं ओढून दाखवायचं.

तुला सगळ्यात राग येईल अशी एक मुलगी वर्गात आहे. मुलं तिला गोगलगाय म्हणतात. सगळ्यांचं संपतं तेव्हा तिचं निम्मं झालेलं असतं. पेपर हातात आला की तिच्या मानेवर लाल चट्टे उठतात. पहिल्या खेपेला तिचे आठ बरोबर आले, दुसऱ्या खेपेला नऊ. आता तिसरी आणि शेवटची संधी आहे. ती गेली तर तिचं नाव कॉलेजातून निघेल. मी ते थांबवणार नाही. थांबवायचं नसतं, हे मी तुझ्याकडूनच शिकले.

कॉलेजात थोडी कुरबुर आहे. ती कुठे नसते?

तुझी
सुतळी


१६ जुलै

चि. सुतळीस,

आशीर्वाद.

दहापैकी दहा हे तुझी आई बोलली नव्हती. मला ते आवडलं. कबूल करते आणि लगेच पुढे जाते.

बाकीचं पटलं नाही. हात वर केलेल्या मुलीला तू 'चूक आहे' म्हणालीस की शेजारचे दहा जण कान टवकारणार आणि फुकटात शहाणे होणार. परीक्षा म्हणजे माणूस एकटा पडल्यावर काय करतो ते पाहणं. तिथे सोबत आली की परीक्षा संपली. आणि त्या तुझ्या चट्टेवालीबद्दल आमच्या आजीची म्हण आहे, गोगलगाय अन् पोटात पाय. मंद दिसणाऱ्या मुली बहुधा शेजारणीचा पेपर संपायची वाट बघत असतात. मी अशा बऱ्याच पाहिल्या आहेत.

काही गोष्टी नीट कळव. पेपरला वेळ किती देतेस? जुने पेपर कुठे ठेवलेले असतात? हात वर केल्यावर तू नेमकं काय बोलतेस, शब्द न् शब्द लिही. आणि कुरबुर कसली ते लिहिलं नाहीस. तू लहानपणी बरणी फोडलीस की अशीच वाक्यं अर्धवट सोडायचीस.

गुडघा आहे तिथेच आहे.

तुझी
मावशी


२ ऑगस्ट

मावशी,

आज फलकावर सूचना लागली. वर्ष संपताना, याच महिन्याच्या वीस तारखेला, सगळ्या वर्गाचा औषधमापाचा पेपर पुन्हा होणार. जुन्या पद्धतीने, एकाच खेपेत, ट्रे नाही, प्रश्न विचारणं नाही. बाहेरच्या परीक्षक पेपर काढणार, तपासणार आणि अहवाल देणार. माझ्या पद्धतीने पास झालेले खरंच पास आहेत का, हे बघायचं आहे. गोगलगायीची तिसरी संधीही हाच पेपर.

परीक्षकांचं नाव वाचून मी फलकापुढे उभीच राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, जरा सरकता का?"

वेळ किती देतेस, जुने पेपर कुठे असतात, हात वर केल्यावर काय बोलतेस. मला वाटलं होतं माझ्या मावशीला माझ्या कामात रस आहे.

कुरबुर विचारली होतीस ना? ही घे. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लेखी तक्रार केली की मी विद्यार्थ्यांना पास होईपर्यंत बसवते. वर्ग या पेपरात पडला तर माझी पद्धत बंद आणि मला नोकरीत कायम करणार नाहीत. हे तुला प्राचार्यांनी सांगितलंच असेल. मी सांगितलं नव्हतं, कारण तू काळजी करशील असं मला वाटलं. बघ, मी किती मूर्ख.

अधिकार तुझा आहे. तू हवा तसा पेपर घे. एकच मागते, छापण्याआधी तो आमच्या वॉर्डातल्या कुणालातरी वाचायला दे. मला नको. कुणालाही दे.

निकाल लागेपर्यंत मी तुला लिहिणार नाही.


५ ऑगस्ट

चि. सुतळीस,

तू लिहू नकोस, मी लिहिते.

तुमची प्राचार्या माझी विद्यार्थिनी. अजूनही माझ्यासमोर बसली की पाठ खुर्चीला टेकवत नाही. तिने जूनअखेर विचारलं. मी तिला स्पष्ट सांगितलं की ती मुलगी माझी सख्खी भाची आहे. ती म्हणाली, "म्हणूनच, बाई. तुम्ही नातेवाइकांशी जास्त कडक." हे खोटं नाही. तुझ्या आईला विचार, तिला पत्त्यात चोरी करताना मी कितीदा पकडलं आहे.

तुला आधी सांगितलं असतं तर तू मला लिहिलेलं प्रत्येक वाक्य परीक्षकाला लिहिलेलं असतं. मला माझ्या भाचीचं खरं मत हवं होतं. तुला हे आवडणार नाही. नको आवडू दे. मी नाही म्हटलं असतं तर दुसरं कुणी आलं असतं, ज्याला तुझं नावसुद्धा नीट लिहिता आलं नसतं.

पेपर कुणालाही दाखवणार नाही. छपाईआधी दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलेला पेपर हा फुटलेला पेपर. तुमचे जुने पेपर मागवले आहेत. प्रश्नांची मांडणी तीच ठेवीन, म्हणजे अन्याय झाला असं कुणी म्हणायला नको. आकडे मात्र बदलीन. तुमचे आकडे फार गुळगुळीत आहेत ग. पाच, दहा, वीस. असले आकडे पाहिले की मुलं डोळे मिटून उत्तर देतात.

मावशी


२१ ऑगस्ट

चि. सुतळीस,

अनेक आशीर्वाद, आणि या वेळी ते मनापासून. तुझा वर्ग पास झाला.

काल पेपर होता. तू इस्पितळाच्या बाजूला राहिलीस आणि मला तोंड दाखवलं नाहीस, ते नियमाला धरूनच झालं. तुमचा हॉल चांगला आहे, उजेड डावीकडून येतो. मी सुरुवातीलाच सांगितलं, "उत्तर चौकटीत लिहायचं. बोलायचं नाही, विचारायचं नाही. पाणी हवं असेल तर आता प्या." मग माझी जागा घेतली. सुतळे, पंख्याचा आवाज ऐकू आला.

मी आकडे कसे बदलले ते तुला कळलं पाहिजे, म्हणजे मावशीने सोपं केलं असं तुला वाटणार नाही. पाचवा प्रश्न बघ. बाळ आठ किलोचं, फिट थांबवायचं इंजेक्शन. तुमच्या जुन्या पेपरात किलोमागे पाच मिलिग्रॅम होतं. पाच गुणिले आठ हे तर पोपटही सांगेल! मी पाचाचे साडेसत्तावीस केले. बाटलीत दर मिलिलिटरला पंचवीस मिलिग्रॅम. किती मिलिलिटर द्याल? दोनदा दशांश आडवा येतो, तिथे मुलं हमखास घसरतात. तुझी घसरली नाहीत. अख्ख्या वर्गाने चौकटीत आठ पूर्णांक आठ लिहिलं आहे, स्वच्छ अक्षरात. तपासताना माझी मान अभिमानाने ताठ झाली. तुझ्यामुळे झाली, हे लिहायला मला लाज नाही.

फक्त एक पडली. तुझी गोगलगाय. तिने पाचव्या प्रश्नापाशी हात वर केला. मी म्हटलं, "हात खाली." तिने खाली केला. थोड्या वेळाने पुन्हा वर. मानेवर तुझे ते लाल चट्टे. मी उठून तिच्या बाकापाशी गेले आणि हळू आवाजात सांगितलं, "बाळ, इथे कुणी मदतीला येणार नाही. हात खाली." पुढे तिने बाकीचे सगळे प्रश्न सोडवले. सगळे बरोबर आहेत. पाचवी चौकट कोरी. गणित शेजारी कच्चं करून ठेवलं आहे, उत्तरही बरोबर आलं आहे, पण चौकटीत उतरवलेलं नाही. धीर सुटला, दुसरं काय! दहापैकी नऊ. नियम तुझाच.

पुढच्या आठवड्यात अहवाल देईन. त्यात लिहिणार आहे की शिक्षिका उत्तम, तिचा उंबरठा योग्य, तेव्हा तिला कायम करावं. आणि ट्रे, हात वर करणं, सरावाचे पेपर हे सगळं बंद करावं, कारण त्याच्याशिवाय वर्ग पास होतो हे सिद्ध झालं आहे.

आता तरी लिही.

तुझी
मावशी


२३ ऑगस्ट

मावशी,

हे पत्र पाठवू नये असं आईचं म्हणणं आहे. ती म्हणते, "तुझं काम झालं ना? मग गप बस की. त्या पोरीचं नशीब तिच्यापाशी." तासभर मीही गप्प बसून पाहिलं.

पाचव्या प्रश्नातलं औषध खरं आहे. आम्ही ते रोज हाताळतो. त्याचं प्रमाण किलोमागे पाच असतं, कारण पाचच असतं. साडेसत्तावीस दिलं तर बाळाची फिट थांबेल आणि पाठोपाठ श्वास थांबेल.

तुझा गुणाकार बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहे. माझ्या अख्ख्या वर्गाने बरोबर उत्तर लिहिलं आणि बाळ गेलं. तू त्यांना पास केलंस.

आमच्या बाळांच्या ट्रेमध्ये पाच मिलिलिटरच्या वरची सिरिंजच नसते. ट्रे असता तर औषध ओढताना हाताला कळलं असतं की हे मावतच नाही. पण ट्रे नव्हता, आणि एकीने विचारायला हात वर केला तर तो तू खाली करायला लावलास.

मला तुझा राग आहे, पण त्याहून जास्त माझ्या वर्गाचा आहे. वर्षभर मी त्यांना एकच शिकवलं होतं, शंका आली की थांबा. काहींना शंका आली होती. आज आडून आडून विचारलं तर तिघी म्हणाल्या, "वाटलं होतं मॅडम, पण त्या बाईंसमोर कोण बोलणार?" माझी वर्षभराची शिकवण तुझ्या दोन शब्दांनी पुसली गेली. म्हणजे ती कच्चीच होती.

या चुकीचा पत्ता आईखेरीज फक्त तुला आणि मला आहे. तुझा अहवाल जसा आहे तसा गेला तर मी कायम होते. तू तो बदललास तर काय होईल मला माहीत नाही. मी तुला काही करायला सांगत नाही. अहवाल तुझा आहे.

सुतळी


३० ऑगस्ट

चि. सुतळीस,

तुझं पत्र वाचलं. मग माझा पेपर वाचला. मग तुमचे जुने पेपर पुन्हा समोर घेतले. त्या औषधाशी सगळीकडे पाचच आहे. मला ते दिसलं होतं. मला वाटलं, पेपर काढणाऱ्याचा आळस.

आमच्या गणितात आकडा कुणाचा नसतो ग. आंबे घ्या, मजूर घ्या, हौदात पाणी सोडा. पाचाचे साडेसत्तावीस केले तर हौद उशिरा भरतो, कुणी मरत नाही. मला आकडा अवघड हवा होता, म्हणून मी तो अवघड केला. त्या आकड्याच्या पलीकडे आठ किलोचं कुणी झोपलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि दुसऱ्याने पेपर वाचावा असं तू लिहिलं होतंस तेव्हा मी तुला फुटलेल्या पेपरावर प्रवचन दिलं.

मी बस धरून तुमच्या कॉलेजात आले. तू वॉर्डात होतीस, तुला मुद्दाम बोलावलं नाही. प्राचार्येला पेपर दाखवला. तिने पाचवा प्रश्न दोनदा वाचला. मग दार लोटून म्हणाली, "बाई, निकाल चांगला आहे. तक्रारही मिटते आहे. कशाला? कुणाला कळणार आहे?"

मी म्हटलं, "मला कळलं आहे. पाठ सरळ कर."

मग त्या मुलीला बोलावलं. ती आली ती दारातच थांबली. आमचं बोलणं लिहून ठेवते आहे, कारण मला ते विसरायचं नाही.

"पाचवी चौकट कोरी का सोडलीस?"

"हात वर केला होता, बाई."

"मी खाली कर म्हटलं."

"हो. मग कोरी सोडली."

"डोस चुकीचा आहे हे माहीत होतं तुला?"

"नाही. जास्त वाटला. नक्की माहीत नव्हतं." मग म्हणाली, "नक्की माहीत असतं तर विचारलंच नसतं ना."

"अगं, पण पेपरच तो. उत्तर तुझं आलं होतं. लिहून मोकळं व्हायचं. तिथे बाळ थोडंच होतं?"

ती नखाने दाराचा रंग खरवडत होती. म्हणाली, "मला ते वेगळं ठेवता येत नाही, बाई."

"नापास होशील, नाव जाईल, हे ठाऊक होतं?"

"हो."

मला तिला तिथल्या तिथे पास करायचा मोह झाला. केलं नाही. तू चिडशील, पण ऐक. कोऱ्या चौकटीला मी गुण देत नाही. नर्स गप्प उभी राहिली तर बाळ मरत नाही, पण त्याची फिटही थांबत नाही. हात खाली करायला लावला तर उभं राहायचं, ओरडायचं, माझ्या टेबलावरची पट्टी आपटायची. हे मी तिला तोंडावर सांगितलं. तिने मान हलवली. चट्टे कानापर्यंत गेले होते.

अहवाल दिला आहे. माझा पेपर रद्द, कारण परीक्षकाने प्राणघातक सूचना छापली आणि ती दाखवून देणारा हात दोनदा खाली करायला लावला. सगळ्या वर्गाचा पेपर नव्याने. तोही मीच घेणार, कारण पळ काढणं मला शिकवलेलं नाही. या वेळी ट्रे असतील, हात वर करायची मुभा असेल, आणि पेपर छापण्याआधी तुमच्या औषधभांडारातले प्रमुख तो वाचतील. दहापैकी दहा मात्र तसंच राहील. त्यातला अर्धा गुणही सोडणार नाही.

याचा अर्थ तुझं कायम होणं लांबलं. वर्ग पडला तर ते होणारही नाही. मी प्राचार्येशी त्याबद्दल एक शब्दही बोललेले नाही. बोलले असते तर तुला आवडलं नसतं.

मावशी


८ सप्टेंबर

प्रिय मावशी,

अहवाल वाचला. 'प्राणघातक' हा शब्द प्राचार्यांनी दोनदा खोडायला सांगितला होता आणि तू तो ठेवलास, हे कार्यालयातून कळलं. 

इथे हवा वाईट आहे. पास झालेला वर्ग पुन्हा नापासांच्या रांगेत उभा आहे आणि सगळ्यांचा राग गोगलगायीवर निघतो आहे. तिच्या बाकावर कुणीतरी खडूने लिहिलं, 'तुझ्यामुळे'. मी ते पुसलं नाही. वर्गाला म्हटलं, ज्याने लिहिलं त्याने पुसावं. दुपारपर्यंत पुसलेलं होतं, पण कुणी पुसलं ते कळलं नाही.

काल ती माझ्याकडे आली होती. पेपरला बसायचं नाही म्हणाली. मी कारण विचारलं. "मॅडम, या वेळी हात वर केला आणि सूचना बरोबरच निघाली तर? सगळे हसतील. म्हणतील, हिला सवयच लागली."

मी म्हटलं, "हसतील."

दुसरं काही बोलायला हवं होतं का, मला अजून कळलेलं नाही. ती येईल की नाही, तेही माहीत नाही.

तुझी
सुतळी


१९ सप्टेंबर

चि. सुतळीस,

अनेक आशीर्वाद.

तुला या वेळीही हॉलच्या बाहेर ठेवलं होतं, म्हणून आत काय झालं ते लिहिते. निकाल तुला कार्यालयातून कळला असेल. तो कोरडा कागद आहे.

ती आली. सगळ्यात शेवटी, धापा टाकत. मी घड्याळाकडे पाहिलं आणि काही बोलले नाही. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

मी वर्गाला सांगितलं, "मागच्या पेपरात मी चूक केली आणि तुम्ही ती गुपचूप उतरवून घेतलीत. या पेपरात चूक असेल किंवा नसेल. शंका आली तर हात वर करा. मी चावत नाही." कुणी हसलं नाही. बहुतेक त्यांना शेवटचं वाक्य पटलं नसावं.

चूक होती. तुमचे औषधभांडारवाले आणि मी मिळून सातव्या, मोठ्या माणसाच्या डोसाच्या प्रश्नात घातली होती, चांगली दहापट. मी खुर्चीवर बसून वाट बघत राहिले. पंख्याचा आवाज येत होता आणि मला तो पहिल्यांदाच नकोसा झाला. हुशार मुलं सातव्यापर्यंत पोचली, थांबली, एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली. हात काही वर जाईना. मी मनात म्हणत होते, अरे करा की! कर्फ्यू उठला!

पहिला हात वर गेला तो तिचा. पण ती सातव्यावर नव्हतीच. अजून तिसऱ्यावरच रेंगाळत होती.

मी गेले. तिसरा प्रश्न वाचला. औषधभांडाराच्या यादीशी ताडून पाहिला. ट्रेमधली बाटली उचलून तिच्यावरचं लेबल वाचलं. पुन्हा प्रश्न वाचला. सूचना बरोबर होती. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिला ज्याची भीती होती तेच झालं, आणि सगळ्यांदेखत झालं.

मी म्हटलं, "सूचना बरोबर आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. चट्टे होतेच. म्हणाली, "मग आता देते." आणि सिरिंज उचलून शांतपणे औषध ओढलं, काटेकोर, रेषेवर.

सुतळे, मी हजारो मुलांचं पर्यवेक्षण केलं. हे तीन शब्द मला कुणी ऐकवले नव्हते.

मी परत जागेवर पोचायच्या आत सातव्यासाठी हात वर गेले. एक, मग दोन, मग खिडकीकडची अख्खी रांग. माझा गुडघा बोंबलत होता आणि मी बाकाबाकापाशी जाऊन म्हणत होते, "चूक आहे. शाबास. चूक आहे." शेजारच्यांनी कान टवकारले असतील. टवकारू देत. तरीही तिघांनी मान वर न करता दहापट औषध मोठ्या सिरिंजमध्ये ओढून ठेवलं. ते तिघं पडले. ते पुन्हा बसतील. हे शेवटचं वाक्य मी दात खात लिहिलं आहे, पण लिहिलं आहे.

ती सगळ्यात शेवटी उठली. इतर कधीच निघून गेले होते, शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, "वाजवू नका." दहापैकी दहा. दोनदा तपासले.

तुला कायम केल्याचं पत्र प्राचार्येच्या टेबलावर सहीसाठी आहे. ती सही करेल. मी गेले तेव्हा पाठ सरळ ठेवून बसली होती. तक्रारवाल्या सहकाऱ्यांना मी पुढच्या पेपरात एक चूक घालायचं काम द्यायला सांगितलं आहे. चूक शोधणाऱ्यापेक्षा चूक घालणाऱ्याला जास्त वाचावं लागतं. मला ते आता कळलं.

ताईला तुझं शेवटचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमचं दोघींचं डोकं सारखंच फिरलेलं आहे." बिस्कीट या वेळी वेळेवर बाहेर काढलं.

आणि माझ्या गुडघ्याचं. मला दाखल करतील तेव्हा सुई टोचायला ती गोगलगाय पाठव. ती आधी विचारेल, मग लेबल वाचेल, मग पुन्हा विचारेल, आणि मी वैतागून तुझ्या सगळ्या कॉलेजाला शिव्या देईन. तू लक्ष देऊ नकोस. उशीर होऊ दे.

तुझी
मावशी